बँकेचा शिक्का म्हणजे घराची तपासणी नव्हे

घर विकत घेण्याआधी ते एखाद्या त्रयस्थ जाणकाराकडून तपासून घ्या, असं चंद्रपुरात कुणाला सुचवलं की ठरलेली उत्तरं येतात. बँकेचा इंजिनिअर पाहून गेलाय ना, मग झालं. आमच्या आजोबांनी कुठे कुणाला बोलावलं होतं? ही पुण्या-मुंबईची खुळं, आपल्याकडे कुठे वीस मजली टॉवर आहेत? आणि एवढ्यावरही तुम्ही हटला नाहीत, तर शेवटचं ठेवणीतलं उत्तर: जे व्हायचं ते होतंच, निसर्गापुढे कुणाचं चाललंय!

ही उत्तरं देणारी माणसं अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, वकील असतात, प्लॉट पाडणारे व्यावसायिक तर असतातच. म्हणूनच त्यांना उत्तर देणं भाग आहे. कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत घराला असलेले धोके महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांसारखे नाहीत. इथला सर्वांत मोठा धोका भिंतीत सापडत नाही. तो जमिनीखाली असतो, नाहीतर दीडशे किलोमीटरवरच्या धरणाच्या दरवाजात असतो.

२६ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट घ्या. घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गेलं. भिंत कलंडली किंवा स्लॅब कोसळला असा तो प्रकार नव्हता. पायाखालची जमीनच उघडली आणि अख्खं घर खड्ड्यात गडप झालं. माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. नंतर आसपासची शंभराहून अधिक कुटुंबं तिथून हलवावी लागली. वस्तीखाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीच्या पोकळ्या होत्या.

हे घडतं कसं, हे समजून घेतलं तर ‘निसर्ग’ हा शब्द वापरण्याआधी माणूस दोनदा विचार करील. आपल्याकडच्या भूमिगत खाणी बहुतेक बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या बोगद्यांची जाळी खणायची आणि वरचं छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब सोडायचे. काम संपल्यावर रिकाम्या जागेत वाळू भरली तर जमीन बऱ्यापैकी शाबूत राहते. ती भरली नाही किंवा अर्धवट भरली तर खांब वर्षानुवर्षं झिजतात, साचलेल्या पाण्यात मऊ होतात, बोगद्याच्या छताचे पापुद्रे गळत राहतात आणि पोकळी हळूहळू वर सरकते. थर उथळ असेल तर एखाद्या दिवशी ती जमिनीपर्यंत पोचते. भर पावसाळ्यात वरची माती पाण्याने जड झालेली असते, म्हणून हा दिवस बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उजाडतो. यात निसर्गाचा वाटा पावसापुरता. बाकी सगळं माणसाने केलेलं, आणि कुठल्या तरी नकाशावर नोंदलेलं.

आता त्या बँकेच्या इंजिनिअरकडे वळू. कर्जाच्या प्रकरणात बँक दोन माणसं नेमते. वकील मालकीहक्काची साखळी तपासतो. मूल्यांकनकार जागेवर जाऊन मोजमाप घेतो, फोटो काढतो, चालू बाजारभाव लिहितो. त्याच्यापुढचा प्रश्न एकच असतो: उद्या कर्ज थकलं तर ही मालमत्ता विकून बँकेचे पैसे निघतील का? तुमच्या घरात पाणी कुठून शिरेल, पाया कुठल्या मातीत आहे, खाली कोळशाचा कुठला थर कधी काढला गेला, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि त्याची फीही त्यासाठी नसते. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. पैसे मात्र बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली तुमच्याच खिशातून जातात. ज्या अहवालाचे पैसे आपण दिले आणि जो आपण वाचलाही नाही, त्याच्या भरवशावर आयुष्याची कमाई लावणाऱ्याला व्यवहारी म्हणायचं की काय म्हणायचं, ते वाचकांनीच ठरवावं.

यावर कुणी म्हणेल, कायदा आहे की! आहे, पण त्याचा कोन नीट पाहा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५५ नुसार मालमत्तेतला गंभीर दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो त्याने खरेदीदाराला सांगितला पाहिजे. पण अट अशी की तो दोष खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही सापडला नसता. म्हणजे काळजी घेण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरही टाकली आहे. पाहणीच केली नाही तर कोर्टात पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. रेरा कायद्यात ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करावा, अशी चांगली तरतूद आहे. पण पाचशे चौरस मीटरच्या आतली जागा किंवा आठपेक्षा जास्त घरं नसलेला प्रकल्प नोंदणीच्या बाहेर राहतो. वरोरा, भद्रावती, मूल, देसाईगंज इथे माणसं घेतात ती घरं कशी असतात? एखादा प्लॉट, त्यावर ठेकेदाराने बांधलेलं दोन-तीन खोल्यांचं घर, किंवा दुसऱ्याच्या हातून आलेलं जुनं घर. रेराची छत्री तिथपर्यंत पोचत नाही.

तेव्हा पहिलं उत्तर बाद. दुसऱ्या उत्तरात मात्र थोडं सत्य आहे, आणि ते मान्य करूनच त्याचा समाचार घेतला पाहिजे.

आजोबांनी इंजिनिअर बोलावला नव्हता हे खरं. पण त्यांनी तपासणी केली नव्हती हे साफ खोटं. झाडीपट्टीतलं जुनं घर पाहा. लाकडी खांब-मयालींचा सांगाडा, कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर कवेलू. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरले जात. त्या निमित्ताने घरधनी छपरावर चढून प्रत्येक वासा हाताने दाबून पाही, वाळवी कुठवर आली ते त्याला कळे, कुजलेली पाटी बदलली जाई. वर्षातून एकदा होणारी ही संपूर्ण पाहणीच होती, फक्त तिला कुणी अहवाल म्हणत नसे. घराची जागा निवडताना गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं जाई: पाणी कुठवर आलं होतं, बोडीचा सांडवा कुणीकडून वाहतो. आणि ते घर हलकं होतं, लवचिक होतं. एखादी भिंत भिजून पडली तरी माणूस सहसा त्याखाली चिरडला जात नसे. स्लॅब आला आणि कवेलू फेरणं थांबलं. छपरावर जाण्याचं कारणच उरलं नाही. आजोबांचा दाखला देणाऱ्यांनी आजोबांची सवय मात्र टाकून दिली, हे कसं?

शिवाय आजोबांच्या आठवणीतली नदी आज राहिलेली नाही. वैनगंगेवर गोसीखुर्दचं तेहतीस दरवाजांचं धरण झालं. २०२० च्या ऑगस्टअखेरीला मध्य प्रदेशातून आलेलं पाणी आणि धरणाचा विसर्ग यांनी ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोलीच्या काठावर जो पूर आणला, त्याचा अंदाज गावातल्या जाणत्यांनाही आला नव्हता. कारण नदी केव्हा आणि किती वेगाने चढेल हे आता केवळ पावसावर ठरत नाही. सिरोंच्यात तर १९८६ चा गोदावरीचा पूर हा म्हाताऱ्यांचा मापदंड होता. पण २०१९ मध्ये पलीकडे तेलंगणात मेडीगड्डा बंधारा सुरू झाला आणि काठावरच्या शेतकऱ्यांच्या तक्रारीही तेव्हापासून सुरू झाल्या. जुलै २०२२ च्या पुरात तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बंधाऱ्याचे काही खांब खचले. उद्या तो दुरुस्त झाला, रिकामा ठेवला किंवा पुन्हा भरला, तर प्रत्येक वेळी सिरोंच्याच्या काठावरच्या घराचं भवितव्य बदलणार. इथे ‘आमच्या वाडवडिलांच्या काळात पाणी आलं नव्हतं’ या वाक्याचा काय उपयोग? भामरागडचं वेगळं. तिथे पर्लकोटा दरवर्षी रस्ता तोडते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि लोक त्या हिशोबानेच राहतात. माहीत असलेला धोका आणि झाकलेला धोका यांत फार फरक असतो.

चंद्रपूर शहरातही तेच. गोंड राजांनी परकोट बांधला तो इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या सान्निध्यात. आज पाणी शिरतं ते मुख्यतः परकोटाबाहेर, इरईच्या पात्राकडे सरकलेल्या वस्त्यांत. वर इरई धरण आहे, त्याचे दरवाजे उघडले की रहमतनगरसारख्या भागातली माणसं सामान उचलू लागतात. जलसंपदा विभागाच्या हिशोबात निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाईच. तरी तिथे प्लॉट विकले जातात, कारण विकणारा रेषा दाखवत नाही आणि घेणारा विचारत नाही. विजेचं मीटर मिळालं, घरपट्टीची पावती आली की घेणाऱ्याला वाटतं सगळं कायदेशीर झालं. घरपट्टीची पावती म्हणजे पुरापासून संरक्षण नव्हे.

पुण्या-मुंबईचं खूळ म्हणणाऱ्यांना अर्धं बरोबर आणि अर्धं चूक असे गुण द्यावे लागतील. महानगरांत हल्ली घर तपासून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्यांची यादी फ्लॅटसाठी बेतलेली असते: फरशी पोकळ वाजते का, नळाला दाब आहे का, स्विचला अर्थिंग आहे का, बाथरूमखाली ओल आहे का. ही यादी जशीच्या तशी उचलून घुग्घुसला आणली तर ती हास्यास्पद ठरेल. अमराई वॉर्डातलं ते घर या यादीवर शंभरपैकी नव्वद गुण मिळवून गेलं असतं. अमेरिकेत तर बऱ्याच राज्यांत घर तपासनिसाला परवाना लागतो, पण त्याचंही काम डोळ्यांना दिसेल तेवढंच पाहण्याचं. जमिनीखालचं तो पाहत नाही. म्हणून पेनसिल्वेनिया या कोळशाच्या राज्याने १९६१ पासून खाण खचण्याविरुद्धचा विमा सरकारतर्फेच द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये कोळसापट्ट्यात घर घेताना खरेदीदाराचा वकील खाण प्राधिकरणाकडून त्या पत्त्याचा अहवाल मागवतो: या घराखाली कोळसा काढला आहे का, कधी, किती खोलीवर, जवळ जुनी विहीर-शाफ्ट आहे का. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकात कोळशासाठी जमीन पोखरायला सुरुवात केली ती इंग्रजांच्याच राजवटीने. खणण्याची विद्या आपण त्यांच्याकडून घेतली, खणलेलं खरेदीदाराला सांगण्याची पद्धत मात्र तिकडेच राहिली.

म्हणून मुद्दा तपासणी हवी की नको हा नाहीच. इथल्या मातीची, इथल्या खाणींची, इथल्या रानाची तपासणी हवी.

उदाहरणार्थ, काळी माती. जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोरा-भद्रावती-राजुऱ्याकडे ती खोल आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीन फुटांचा पाया त्यात टाकला तर घर दरवर्षी वरखाली होतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या, पायऱ्यापायऱ्यांच्या चिरा निघतात. यावर उपाय आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल याच मातीसाठी आहेत. पण घेणाऱ्याला चीर दिसते तेव्हा विकणारा सांगतो, प्लास्टर सुकताना जातेच हो अशी! प्लास्टरची केसासारखी चीर आणि पाया हलल्याची चीर यांतला फरक जाणकाराला दहा मिनिटांत कळतो. शंका असेल तर चिरेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी बसवून तारीख लिहायची. काच तुटली की घर अजून हलतंय.

आणि या चिरांचा प्रश्न खाणीशेजारी आणखी गुंतागुंतीचा होतो. लालपेठ, दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती, खुल्या खाणींच्या भोवतालच्या कुठल्याही गावात जा, ब्लास्टिंगने घराला तडे गेल्याची तक्रार ऐकू येईल. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये घालून दिलेली मर्यादा अशी आहे की कमी वारंवारतेच्या कंपनांत सामान्य घरापाशी जमिनीच्या कणांचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. वारंवारता वाढेल तशी मर्यादा सैल होते. आता गावकरी म्हणतात, ब्लास्टिंगने तडे गेले. कंपनी म्हणते, बांधकाम कच्चं आहे, माती काळी आहे. दोघांचंही बरोबर असू शकतं. हा वाद सोडवायला एकच कागद लागतो: स्फोट सुरू होण्याआधी, किंवा घर घेतलं त्या दिवशी, त्या भिंती कशा होत्या याची तारखेसह, फोटोंसह नोंद. ती गावकऱ्याकडे नसते. तपासणीला खर्च समजणाऱ्यांना मला हे सांगायचं आहे की ती पुरावाही असते, आणि आपल्या भागातल्या बहुतेक भांडणांत आपण हरतो ते पुराव्यावाचूनच.

उन्हाबद्दल फार लिहीत नाही. पारा सत्तेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात पश्चिमेला उघडी भिंत आणि वर उघडा स्लॅब असलेलं घर मे महिन्यात रात्रीही राहण्यालायक नसतं, हे जानेवारीत घर पाहायला गेलेल्याच्या लक्षात येत नाही, एवढंच. पण रानाचा एक रकाना या यादीत हवाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशाकडून आलेला रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत उतरला, आणि तेव्हापासून धानोरा, कुरखेडा, देसाईगंज, आरमोरीकडे धानाची ढोली आणि मोहफुलं ठेवलेली मातीची घरं त्यांनी फोडली आहेत. पुण्याच्या कुठल्या यादीत ‘धान्य घरात कुठे साठवता?’ हा प्रश्न आहे? इथे तो पायाइतकाच महत्त्वाचा आहे.

उरलं ते नशिबाचं उत्तर. याच्याशी वाद घालणं अवघड असतं, कारण ते वादासाठी दिलेलंच नसतं, वाद संपवण्यासाठी दिलेलं असतं. पण १९९३ चं किल्लारी आठवा. तो भाग तेव्हाच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे माणसं मेली ती चिखलात बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या धाब्यांखाली. भूकंप निसर्गाचा होता, भिंत माणसाची होती. आपल्याकडेही ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरची भांडी हलली होती. गोदावरीचं खोरं भूशास्त्राच्या दृष्टीने थंड गोळा नाही.

सरकारलाही हे नशिबाचं उत्तर सोयीचं पडतं. घर पडलं की तलाठी येतो, पंचनामा होतो, मदत मंजूर होते, नेते भेट देतात. पडण्याआधी मात्र कुणी येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचं पाहा. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यासाठी मूळ अनुदान एक लाख तीस हजार रुपये. हप्ता सुटण्यासाठी पाया, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर घराचा फोटो अक्षांश-रेखांशासह काढून अपलोड करावा लागतो. म्हणजे त्या जागेचा नेमका ठिकाणा सरकारच्या संगणकात असतो. तोच ठिकाणा पूररेषेच्या आणि खाणीच्या नकाशावर टाकून पाहायला काय लागतं? हे काम लाभार्थ्याने खिशातून इंजिनिअर नेमून करायचं नाही. ते ग्रामपंचायतीचं, तालुक्याच्या बांधकाम शाखेचं आहे. ‘गरिबाला तपासणी परवडत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ही मागणी करावी, मग त्यांची कळकळ खरी मानू.

ज्यांना परवडतं त्यांचीही एक अडचण खरी आहे. आपल्या देशात घर तपासनीस नावाचा परवाना नाही, उद्या कुणीही कार्ड छापू शकतो. म्हणून कार्डावरच्या पदवीपेक्षा माणूस पाहा. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला इंजिनिअर नको. सौद्याच्या टक्केवारीवर काम करणारा तर नकोच, ठरलेली फी घेणारा हवा. दुरुस्तीचं कंत्राटही मीच घेतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. अहवाल लेखी, फोटोंसह, सहीशिक्क्यानिशी घ्या. चंद्रपुरात १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. या दोन जिल्ह्यांसाठी तपासणीचा नमुना तयार करणं आणि त्यासाठी तरुण स्थापत्य अभियंत्यांना शिकवणं हे त्यांचं काम का असू नये? महापालिकेच्या हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच सांगितली आहे, त्यामुळे अशा माणसांना कामाचा तोटा पडणार नाही.

आणि खाणीचा नकाशा? तो गुप्त नाही. खाण बंद होताना तिचा शेवटचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे सादर करण्याचं बंधन कंपनीवर असतं. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर, भद्रावती किंवा चंद्रपूरच्या लालपेठ-बाबूपेठकडे घर घेत असाल तर बयाणा देण्याआधी भूमापन क्रमांक लिहून वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) क्षेत्रीय कार्यालयात साधा अर्ज द्या: या जागेखाली कोळसा काढला आहे काय, किती खोलीवर, आणि पोकळीत वाळू भरली आहे काय? उत्तर नाही मिळालं तर तोच अर्ज माहिती अधिकार कायद्याखाली करा. वेकोलि सरकारी कंपनी आहे, फी दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणं तिला बंधनकारक आहे.